नावाचा रकाना

ओमोर म्हातारा कुरण समितीच्या कचेरीतून परतला तेव्हा दुपार कलली होती. घोड्यावरून उतरताना त्याचा उजवा गुडघा अडायचा, म्हणून एरवी तो सुनेला हाक मारी आणि ती येऊन लगाम धरी. आज त्यानं हाक मारली नाही. लगाम दातात धरून तो कसाबसा उतरला, घोडं खुंट्याला बांधलं आणि बुटांवरचा चिखल न झाडताच आत आला.

आत बुरुलचा, त्याची सून, चुलीत शेणी सारत होती. सासू सोनुन गालिच्यावर पाय पसरून लोकर पिंजत बसली होती.

"आपली जमीन नकाशात न्हाई," ओमोर म्हणाला. त्यानं दोघींपैकी कुणाकडंच पाहिलं नाही.

कुठली जमीन, असं सोनुननं विचारलं. म्हाताऱ्यानं हनुवटी उत्तरेकडच्या डोंगराकडं उडवली. "तिलेबाल्दीचा मेंढवाडा. माझ्या आज्याचा. माझ्या कागदात हाय आन् नकाशात न्हाई. जिचं नाव न्हाई ती कुणाचीच न्हाई, असं म्हनतोय तो कचेरीतला. काल्मातनं अर्ज केलाय. त्येला द्यायची म्हने."

म्हाताऱ्याच्या तोंडून आज्याचं नाव निघालं तशा दोन्ही बायकांच्या माना सवयीनं जराशा खाली गेल्या. साराताल गावात काल्मातला न ओळखणारं कुणी नव्हतं. त्याची सहाशे मेंढरं होती. तो स्वतः तालुक्याच्या गावी राहायचा आणि मेंढरं पगारी माणसं राखायची.

"नकाशा काढला कुणी?" सोनुननं विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं. नकाशा कुणी काढला ते अख्ख्या सारातालला ठाऊक होतं. तो चुलीपुढं बसलेल्या बुरुलचानंच काढला होता.

मेंढवाड्याचा तो उतार गेला तर काय होणार, हे या घरात कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्या खोऱ्यात बर्फ आधी वितळतं ते तिथंच. एप्रिलमध्ये खाली गावात ढोपरभर गार चिखल असतो तेव्हा तिथं वीतभर गवत आलेलं असतं आणि वाऱ्याला पाठ देऊन दगडी मेंढवाडा उभा असतो. घरची एकशे चाळीस मेंढरं पिढ्यान् पिढ्या तिथंच व्यायची. खाली चिखलात व्यायला लावली तर निम्मी कोकरं पहिल्या आठवड्यातच आखडतात. एक हंगाम तसा गेला की मेंढरं विकावी लागणार, आणि विकत घेणारा पुन्हा काल्मातच.

बुरुलचा आधी गावच्या शाळेत भूगोल शिकवायची. मुलं कमी झाली, वरचे वर्ग शेजारच्या गावात गेले आणि तिची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात तिला फोनवर कुठल्याशा समुद्रापलीकडच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम दिसला. संगणकावर नकाशे कसे काढायचे ते घरबसल्या शिका, पैसे नकोत. फोनला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर. रोज धारा काढून झाल्या की ती टेकाडावर चढायची, बोटं सुन्न होईपर्यंत तिथं उभी राहून धडे उतरवून घ्यायची आणि घरी येऊन दिराच्या जुन्या संगणकावर बघायची. शिकवणारी बाई भरभर बोलायची. खाली रशियन अक्षरं उमटायची आणि त्यांचा निम्म्या वेळा काही अर्थ लागायचा नाही. गृहपाठ म्हणून तिनं आयुष्यात न पाहिलेल्या एका शहरातले बसचे थांबे नकाशावर मांडले. शेजारणी विचारायच्या, काय गं, त्या फोनातला मास्तर छडी मारतो का? समितीचा अध्यक्ष एर्मेक म्हणाला होता, मेंढरं मोजायला शीक आधी, मग पृथ्वी मोज. तिनं दोन हिवाळे घातले आणि सगळे धडे पुरे केले. शेवटी कळलं की शिकणं फुकट असलं तरी प्रमाणपत्राला पैसे पडतात. तिनं ते घेतलं नाही.

मग वरून हुकूम आला की प्रत्येक गावानं आपल्या कुरणांचा नवा नकाशा द्यायचा. मोजणीदार दोनदा येतो म्हणाला आणि दोन्ही वेळा आला नाही. तेव्हा तोच एर्मेक घरी येऊन तीन वाट्या चहा प्याला आणि चौथ्या वाटीला विषय काढला.

गेल्या शरदात नवऱ्याला, मेदेरला, सोबत घेऊन बुरुलचा पाच आठवडे हिंडली. जिथं घोडं चढेना तिथं पायी गेली. हद्दीच्या प्रत्येक दगडापाशी फोन धरून उभी राहिली. टाचा फुटून मोजे रक्तानं चिकटायचे, ते रात्री कोमट पाण्यात भिजवून सोडवावे लागायचे. वाटेत भेटेल त्या मेंढपाळाला ती विचारी, या खिंडीला काय म्हणता, या झऱ्याला काय म्हणता. शिकवणाऱ्या बाईचं एक वाक्य तिनं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. जागेला तिथले लोक ज्या नावानं हाक मारतात तेच नाव रकान्यात भरा, कचेरीतलं भरू नका. तिनं अडतीस जागांची अडतीस नावं तशी भरली. नकाशा वीस दिवस समितीच्या भिंतीवर लागला. लोक आले, बोट ठेवून आपापलं घर शोधून गेले. ओमोरला बारीक अक्षर दिसत नव्हतं. सुनेनं काढलेल्या नकाशात आणखी काय बघायचं, असं म्हणून तो गेलाच नव्हता.

आता तिनं संगणक उघडला. सत्ताविसाव्या ओळीपाशी ती थांबली. नावाच्या रकान्यात तिच्याच हातानं लिहिलेलं होतं: थोरल्या बाबांचा वाडा.

लग्न होऊन या घरात आल्याला तिला सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षांत तिनं सासऱ्याचं, त्याच्या भावांचं, त्याच्या बापाचं, आज्याचं नाव घेतलं नव्हतं. सारातालमधली कुठलीच सून घेत नाही. शेजारच्या सुनेच्या सासऱ्याचं नाव लांडग्यावरून ठेवलेलं, म्हणून ती लांडग्याला 'तो रानातला' म्हणते आणि त्यात कुणाला हसू येत नाही. नवी सून आली की तिला गाई कुठं बांधायच्या ते दाखवतात तशीच ही नावं दाखवतात. पंधरा दिवसांत जीभ वळण घेते, मग आठवावंही लागत नाही. सदतीस नावं विचारून विचारून लिहिणारी बुरुलचा सत्ताविसाव्या ओळीवर क्षणभरही थांबली नव्हती. तिचं तिलाच याचं भय वाटलं.

मेदेरला तिनं दाखवलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "मी बघितला होता की नकाशा. चुकलंय असं वाटलंच नाही. घरात आईच्या तोंडून तेच ऐकत आलो."

तिनं सासऱ्यापुढं जाऊन सगळं सांगितलं. सांगतानाही 'ते नाव' असंच म्हणाली. ओमोर चाबकाची मूठ चोळत होता.

"बदल मग," तो म्हणाला.

"आता मला बदलता येत नाही, अताके," ती सासऱ्याला म्हणाली. "मुदत गेली. तालुक्याचे साहेब मार्चमध्ये येणार आहेत. नकाशा ज्यानं काढला त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून चूक सांगायची, मगच नोंद होते."

म्हातारा उठला आणि मेंढरांकडं गेला. तो काही बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"लिहून दे," सोनुन म्हणाली. "लिहिल्यानं तोंड विटाळत न्हाई."

तेही सोपं गेलं नाही. दुरुस्तीच्या अर्जात तिनं ते नाव एकेक अक्षर करून टाईप केलं. मधे उठून पाणी पिऊन आली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या जुन्या सभागृहात बैठक भरली. शेगडी धूर ओकत होती, त्यामुळं लोकांनी खिडक्या उघडल्या होत्या आणि अंगावर कोट तसेच ठेवले होते. तालुक्याचे साहेब वयानं तिशीचे असतील. पुढच्या बाकावर काल्मात कातडी टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्यापासून तीन माणसं सोडून ओमोर बसला होता.

साहेबांनी आधी तिचं शिक्षण विचारलं. तिनं विद्यापीठाचं नाव सांगितलं.

"प्रमाणपत्र?"

"नाही. फुकटात शिकले. फुकटवाल्यांना कागद देत नाहीत."

मागं कुणीतरी खुसखुसलं. काल्मात मान न वळवता म्हणाला, "फुकटचा नकाशा म्हटला की असाच निघायचा." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असेल याचा विचार करत ती उभी राहिली, कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पाच आठवडे डोंगर पालथा घातला तेव्हा यातलं कुणी सोबत नव्हतं, हे तिच्या ओठावर आलं होतं.

एर्मेकनं उठून सांगितलं की जागा तीच आहे, तो स्वतः साक्ष देतो, गावातले चार म्हातारेही देतील. काल्मातनं हरकत घेतली. म्हाताऱ्यांचं काय, ते एकमेकांचे सोयरे. नकाशा काढणारीला सांगू दे की नाव काय होतं आणि तिनं काय लिहिलं.

"अर्जात लिहिलंय तिनं," एर्मेक म्हणाला. "साहेब, ती त्या घरची सून आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मला कळतं. माझी आईसुद्धा घेत नाही. पण हरकत आली की तोंडी जबाब लागतो. आणि जबाबात 'ते नाव' असं लिहिता येत नाही मला."

सभागृहातल्या सगळ्यांनी ओमोरकडं पाहिलं. बुरुलचानंही पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्याचे डोळे गुडघ्यावरच्या टोपीवर होते आणि ते तिथून हलले नाहीत. त्यानं नको असंही सुचवलं नाही. ते सगळं त्यानं तिच्यावर टाकलं होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा राग आला. इतकी वर्षं या माणसाच्या पुढ्यात ती वाकून चहा ठेवत आली होती आणि त्याच्याबद्दल असा राग तिला कधी आला नव्हता.

"बोला," साहेब म्हणाले.

तिनं तोंड उघडलं, पण नुसताच श्वास बाहेर आला. तिला मेंढवाड्याच्या भिंतीला टेकून व्यायला बसलेल्या मेंढ्या दिसल्या. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"तिलेबाल्दी," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. "तिलेबाल्दीचा मेंढवाडा. मी थोरल्या बाबांचा वाडा असं लिहिलं. चूक माझी आहे. जागा तीच."

मागच्या बाकावर एका बाईनं श्वास आत ओढला. साहेब लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, तिलेबाल्दी ना, आणि तिला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, तिलेबाल्दी. उतार ओमोरच्या घराकडं राहिल्याचा निकाल त्यांनी तिथंच वाचून दाखवला.

काल्मातनं टोपी डोक्यावर चढवली. जाताना तो ओमोरपाशी थांबला. "तुझी सून फोनात बरंच काही शिकली, बाबा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ओमोर एकटाच बाहेर पडला आणि एर्मेकनं धरलेल्या घोड्यावर चढून निघून गेला. बुरुलचा चार किलोमीटर चालत घरी आली.

त्या दिवसापासून म्हातारा तिच्याशी बोलेनासा झाला. काही हवं असलं तर मेदेरला सांगे. मेदेर नसला तर कुत्र्याशी बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणे की सरपण संपलं वाटतं, आणि ती सरपण आणे. तो अपमान करत नव्हता. तिच्याकडं बघायचं कसं तेच त्याला उमगत नव्हतं, असं तिला कधी कधी वाटायचं. पण वाटून उपयोग काय, तिच्या जिवाला ते लागायचंच.

सोनुन मात्र बोलली. दोघी गाईच्या धारा काढत असताना बोलली, गाईच्या पोटाआडून.

"एकोणीस वर्षांची आले मी या घरात. बावन्न वर्षं गिळलं ते नाव. तुला एक सकाळ गिळता आलं न्हाई?"

"गिळलं असतं तर मेंढरं गेली असती, आपा," बुरुलचा सासूला म्हणाली.

चरवीत धार वाजत राहिली. "ते कळतंय मला," सोनुन म्हणाली. "कळतंय म्हनून तर जास्त राग येतोय."

एप्रिल लागला तशी मेंढरं डोंगराकडं हलली. उताराच्या पायथ्याशी त्यांनी चाकांवरची लोखंडी खोली ओढून नेऊन ठेवली. दोघी बायका तिथं राहायच्या आणि व्यालेल्या मेंढ्या सांभाळायच्या. वर मेंढवाड्यात म्हातारा उरलेल्या गाभण मेंढ्या राखायचा आणि संध्याकाळी खाली यायचा. कोकरू आडवं आलं की बुरुलचाचा हात लागे, कारण तिचा हात लहान होता. कोपरापर्यंत बाही सारून, हाताला लोणी चोळून ती मेंढीच्या पोटात बोटांनी पाय शोधायची. पहिल्या आठवड्यात एकतीस कोकरं झाली आणि एकच गेलं.

मग एका सकाळी मेदेर गवत आणायला गावात गेला आणि दुपारी आभाळ फिरलं. आधी पाऊस, मग गारा, मग आडवं बर्फ. तासाभरात वरचा उतार दिसेनासा झाला. दोघींनी जितकी कोकरं हाताला लागली तितकी खोलीत कोंबली. पायाखाली, गादीवर, सगळीकडं ओली कोकरं ओरडत होती. म्हातारा येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. तो आला नाही.

बुरुलचा वर जायला निघाली. शंभर पावलांवर बर्फ मांडीपर्यंत आलं आणि वाऱ्यानं तिला दोनदा पाडलं. ती परत फिरली तेव्हा सोनुन डोक्याला रुमाल न बांधता बाहेर उभी होती. सासूचे पांढरे केस बुरुलचानं असे मोकळे कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात खालच्या ओढ्यातून दोन घोडेस्वार आले. काल्मातची माणसं होती ती, याच वर्षी दुसऱ्या खोऱ्यातून आलेली. त्यांची घोडी बिथरून पळाली होती आणि ते तिला शोधत होते. सोनुन धावत गेली आणि तिनं पुढच्याचा लगाम पकडला.

"म्हातारा वर अडकलाय," ती म्हणाली. "सकाळी गेलाय. त्येला आना."

"वर कुठं, आजी?"

"वाड्यात. थोरल्या बाबांच्या."

"कुठल्या थोरल्या?" स्वारानं तोंडावरचं बर्फ पुसलं. "वर तीन वाडे हायती. चुकीच्या वाटेला लागलो तर आम्हीबी परत येत न्हाई. नाव सांग."

बुरुलचा चार हात मागं होती. तिच्या दोन्ही बगलांत कोकरं होती. ती ओरडणारच होती. पण सोनुननं लगाम सोडला नव्हता. तिचे ओठ हलले आणि त्यातून काही आलं नाही. स्वार खोगिरावरून वाकला. ती पुन्हा म्हणाली तरी त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानावर हात धरून मान हलवली. मग म्हातारीनं लगाम सोडला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छाती फुटेल इतक्या जोरानं ती ओरडली:

"तिलेबाल्दी! तिलेबाल्दीचा मेंढवाडा!"

"तो कळला," स्वार म्हणाला. "आमच्या नकाशात हाय." दोघे वर निघाले.

अंधारायच्या आत त्यांनी ओमोरला आणलं. मेंढवाड्याची भिंत एका कोपऱ्यात ढासळली होती आणि धोंड्याखाली त्याचा पाय सापडला होता. मेंढ्या त्याच्या भोवती दाटीनं बसल्या, त्यांच्या उबेनं तो तगला. चार मेंढ्या मेल्या. बाकीच्या स्वारांनी भिंतीआड नीट कोंडल्या होत्या. चहा न पिताच ते आपल्या घोडीच्या शोधात गेले.

बुरुलचानं सुरीनं त्याचा बूट कापून काढला. घोटा काळानिळा झाला होता, पण हाड शाबूत होतं. दोघींनी एकेक पाय मांडीवर घेतला आणि लोकरीनं चोळायला लागल्या. बऱ्याच वेळानं बोटांना लाली आली आणि म्हातारा कळवळला. कळवळला म्हणून दोघींच्या जिवात जीव आला. कोकरं एकमेकांवर पाय देत शेगडीकडं सरकत होती.

"ती पोरं नवी हायती," ओमोर एकदम म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "त्यांना वाडा कसा घावला?"

त्यानं डोळे उघडले आणि सुनेकडं पाहिलं. महिन्याभरात तो पहिल्यांदाच तिच्याकडं असं सरळ बघत होता.

"अताके, मी," बुरुलचा म्हणाली. एकदा घेतलं तिथं दोनदा घेतलं, असं तिच्या मनात आलं होतं. सोनुननं तिचं मनगट धरलं.

"ती न्हाई," सोनुन म्हणाली. "मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"नाव."

ओमोर आपल्या बायकोकडं बघत राहिला. ती त्याचा पाय चोळत होती आणि तिनं मान खाली घातली नव्हती. शेगडीवर किटली उकळून झाकण हलत होतं, ती उतरवायला बुरुलचा उठली नाही.

"मोठ्यानं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"वारा होता," सोनुन म्हणाली. "मोठ्यानंच म्हनावं लागलं."